बिबट्याची हद्द, नकाशावर

प्राणी ज्या परिसरात अन्न, निवारा आणि जोडीदार शोधत फिरतो त्याला त्याचे वावरक्षेत्र म्हणतात आणि त्यातला जो भाग तो जातभाईंपासून राखतो ती त्याची हद्द. प्रवाळखडकावरील डॅमसेल माशाची हद्द इतकी लहान असते की पाण्यात उतरलेल्या अभ्यासकाला ती प्रत्यक्ष पाहून नकाशावर टिपता येते; परंतु अकोले, पारनेर भागातला बिबट्या दिवसा दडून राहतो आणि रात्री फिरतो, त्यामुळे त्याच्या वावराचा नकाशा उपग्रहाच्या मदतीनेच काढावा लागतो.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या भारतीय व नॉर्वेजियन सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात चार आणि हिमाचल प्रदेशात एक अशा पाच बिबट्यांना जीपीएस कॉलर बसवून असा अभ्यास केला व तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ही कॉलर ठरावीक वेळाने प्राण्याचे अक्षांश-रेखांश नोंदवते. संगणकातील भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, त्या प्रत्येक नोंदीचा नकाशावर ठिपका करते आणि त्याखाली शेते, रस्ते, घरे यांचे थर अंथरते. सर्वांत बाहेरचे ठिपके रेषेने जोडले की वावरक्षेत्राचा ढोबळ बहुभुज मिळतो. मात्र एखादी भरकटलेली फेरीही त्याला उगाच फुगवते, म्हणून ठिपक्यांची दाटी मोजून प्राणी खरोखर कोठे रमतो हे ठरवणारी पद्धतही वापरली जाते.

पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे 2009 मध्ये विहिरीत पडलेला आणि पुढे ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला नर माळशेज घाटात सोडला गेला. तेथे न थांबता तो 37 दिवसांत सरळ रेषेत 89 किलोमीटर दूर गेला आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यान परिसरात 42 चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात स्थिरावला. असाच दूर नेऊन सोडलेल्या मादीनेही सुटकेची जागा सोडली. पकडल्या जागेजवळच सोडलेल्या तिघांचे वावरक्षेत्र मात्र अवघे 8 ते 15 चौरस किलोमीटर होते. ‘पकडा आणि लांब जंगलात सोडा’ ही गावोगावची मागणी भीतीपोटी असल्याने समजण्यासारखी आहे, पण लांब सोडलेला बिबट्या तेथेच राहील असे या नकाशांवरून म्हणता येत नाही.

रात्री बिबटे तासाला सरासरी 339 मीटर चालत, दिवसा जेमतेम 60. दाट वस्तीत राहणाऱ्या तिघांच्या रात्रीच्या नोंदींपैकी सुमारे 20 टक्के घरापासून 25 मीटरच्या आत होत्या, तर दिवसाच्या एक टक्काही नव्हत्या. माणसांची वेळ टाळून तो अंगणापर्यंत येतो, हे यावरून उघड होते.

अर्थात कॉलर एकाचाच वावर सांगते, शेजारच्या बिबट्यांचा नाही. त्यासाठी अकोल्यात स्वयंचलित कॅमेरे लावून, अंगावरच्या ठिपक्यांच्या वेगळेपणावरून प्रत्येक बिबट्या ओळखण्यात आला आणि 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 4.8 प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज 2013 मध्ये मांडला गेला.