पोरगं बोलेनासं झालं तर शाळेत कोण आहे?



दर अंकात आम्ही या पानावर लागण, खोडवा आणि खताचे हप्ते याविषयी लिहितो. या वेळचा विषय शिवारातला नाही, घरातला आहे. गेल्या हंगामात ऊस नोंदीसाठी गटात फिरताना बऱ्याच ओट्यांवर एकच गाऱ्हाणे कानी आले, "साहेब, पोरगं अभ्यास करीना, विचारलं तर बोलंना." उसाचं पान पिवळं पडलं की गट ऑफिसला धाव घेणारा आपला सभासद पोराच्या बाबतीत दोनच औषधं जाणतो. एक रट्टा, दुसरं शिकवणी. ही दोन्ही लागू पडत नाहीत तेव्हा उपयोगी पडणारा माणूस म्हणजे शाळेतील समुपदेशक.

हे पद नवे नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असे सुचविले होते. शहरातल्या काही शाळांनी माणसे नेमली. खेड्यात हे काम हेडमास्तर आणि वसतिगृहाचे रेक्टर यांनीच जमेल तसे ओढले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात लक्ष्मीबाईंनी मुलांचे दुखणे-खुपणे पोटच्या पोरांप्रमाणे पाहिले, तेही एका अर्थी समुपदेशनच. पण प्रत्येक शाळेला लक्ष्मीबाई कुठून मिळणार?

समुपदेशक प्रथम ऐकतो. तेही मुलाला एकट्याला बसवून. तिथे वर्गशिक्षक नको आणि बापही नको. ऐकलेले तो गावभर करीत नाही. फक्त मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावे लागते, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तो औषधगोळी देत नाही, गरज दिसली तर मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवितो. तज्ज्ञाकडे गेलं म्हणजे पोर वेडं ठरलं, ही समजूत आता सोडावी.

आमच्या गटातील एका सभासदाचा मुलगा घ्या. नाव-गाव देत नाही. तोंडी विचारा, सगळं घडाघडा सांगणार. पंपाची मोटर खोलून जोडणार. पण वहीत अक्षरे उलटीसुलटी आणि पेपर निम्मा कोरा. घरात आणि वर्गात 'ढ' हेच नाव पडलेले. सातवीत शाळा बदलली, तिथे समुपदेशक बाई होत्या. त्यांनी सांगितले की हा आळस नव्हे, ही अध्ययन अक्षमता असू शकते, तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळाले. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र कागदपत्रे शाळेमार्फत वेळेत जावी लागतात, दहावीचा फॉर्म भरताना धावपळ करून भागत नाही. मुलगा दहावी झाला. बाप आम्हाला म्हणाला, "साहेब, सात वर्षं मी त्याला फुकट मारला." यावर काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही.

दुसरा प्रकार मोठ्या मुलांचा. उसाच्या बिलातून लातूरच्या किंवा आणखी लांबच्या क्लासची फी भरायची आणि जेवताना रोज तो आकडा मुलाला ऐकवायचा. पोराला तो आकडा पाठ होतो, फिजिक्स होत नाही. निकालाच्या दिवशी घरात काय बोलले जाते त्यावर फार काही अवलंबून असते. दहावीला नापास झालेल्यांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षेची सोय २०१५ पासून आहे, वर्ष वाया जातेच असे नाही. समुपदेशक हे मुलाला सांगतो आणि बापालाही बोलावून सांगतो. आमच्या मते बापाला सांगणे जास्त अवघड. मुलींची दुखणी निराळी. एसटी स्टँडवरचा त्रास, शाळा सुटण्याची धास्ती, दहावी होण्याआधीच पाहुणे बघायला येणे. हे ती वडिलांपाशी बोलत नाही.

आणि ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गाळपाला जातो, त्यांची मुले? पाथर्डी, शेवगाव, जामखेडची आणि शेजारच्या बीडची ही पोरे दिवाळीनंतर आईबापांबरोबर अड्ड्यावर येतात. परत गेल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. मागे पडल्याची लाज त्यांना शाळेतून काढते, तिथेही कुणीतरी पाठीवर हात ठेवणारा हवा.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असे त्यात आहे. आपल्या भागातील बहुतेक हायस्कुलांचा पट शंभराच्या वरच आहे. तेव्हा पालक सभेत हेडमास्तरांना सरळ विचारावे : नेमणूक झाली का? नसेल तर तोपर्यंत कोण बघते? संचालक मंडळातील कित्येकजण शाळांच्या कमिट्यांवरही आहेत, त्यांच्याकडेही हा विषय काढण्यास हरकत नाही.

तोवर रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही नंबर गट ऑफिसच्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत. पालक सभेच्या दिवशी पाण्याची पाळी असली तरी घरातल्या एकाने शाळेत जावेच. बारे दुसरा कुणीही देईल.