सांडपाण्याचे निर्जंतुकीकरण आणि प्रतिजैविकरोधी जिवाणूंचा प्रश्न

प्रास्ताविक

१९२८ हे वर्ष सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध याच वर्षी लागला, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंवरील प्रयोगांतून असे दाखवून दिले की, उष्णतेने मारलेल्या जिवाणूंचा गुणधर्म जिवंत जिवाणू आत्मसात करू शकतात. हा गुणधर्म वाहून नेणारा पदार्थ म्हणजे डीएनए होय, हे १९४४ मध्ये ॲव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. सांडपाण्यातील प्रतिजैविकरोधी जिवाणूंचा विचार करताना ग्रिफिथ यांचा हा प्रयोग विसरून चालत नाही. जिवाणू मेला म्हणजे त्याची रोधशक्तीही संपली, असे गृहीत धरता येत नाही.

मराठीत 'निर्जंतुकीकरण' हा एकच शब्द दोन भिन्न क्रियांसाठी रूढ झाला आहे. शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करताना एकही जंतू शिल्लक न राहणे अभिप्रेत असते. सांडपाण्याच्या बाबतीत मात्र रोगकारक जंतूंची संख्या मान्य मर्यादेपर्यंत उतरवणे एवढाच त्याचा अर्थ आहे. प्रतिलिटर लक्षावधी जिवाणू असलेल्या पाण्यातून ९९.९९ टक्के नष्ट झाले तरी शेकडो उरतात, आणि उरलेल्यांना पुढे नदी मोकळी असते.

पाटनचेरूचे उदाहरण

हैदराबादजवळील पाटनचेरू येथे सुमारे ९० औषधनिर्मिती कारखान्यांचे सांडपाणी एकत्रितपणे स्वीकारणारे प्रक्रिया केंद्र आहे. स्वीडनमधील लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे प्रक्रिया झालेल्या पाण्याची तपासणी करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हे औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढी मात्रा नसते. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. याच केंद्रातून वेगळ्या केलेल्या जिवाणूंपैकी ८६ टक्के वाण २० किंवा त्याहून अधिक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते.

या घटनेमागील कारण प्रक्रियेतच दडलेले आहे. जैविक प्रक्रियेच्या टाकीत जिवाणूंची दाट वस्ती मुद्दाम जोपासली जाते, कारण सेंद्रिय पदार्थांचे विघटन तेच करतात. तेथे प्रतिजैविकही सतत येत राहिल्यास संवेदनशील जिवाणू मरतात व रोधक्षम वाढतात. शिवाय दाट वस्तीत प्लाझ्मिडद्वारे जनुकांची देवाणघेवाण सुलभ होते. जे केंद्र पाणी शुद्ध करण्यासाठी उभारले, तेच अशा प्रकारे रोधक्षम जिवाणूंची पैदास करू लागते. त्यानंतर केलेले निर्जंतुकीकरण कितीही काटेकोर असले तरी पाण्यात उरलेले औषध त्यामुळे हटेलच, असे नाही. आणि ते हटले नाही, तर पुढच्या प्रवाहातही निवडीचा हाच दाब कायम राहतो.

निर्जंतुकीकरणाच्या पद्धती

क्लोरिन ही सर्वांत स्वस्त व म्हणूनच सर्वाधिक प्रचलित पद्धत होय. पाण्यात तयार होणारे हायपोक्लोरस आम्ल पेशीत शिरून प्रथिने व विकरे निकामी करते. पाण्याचा सामू ७.५ च्या वर गेला की यातील निम्म्याहून अधिक भाग हायपोक्लोराइट आयनाच्या रूपात जातो आणि त्याची मारकशक्ती बरीच कमी असते. सांडपाण्यातील अमोनिया क्लोरिनशी संयोग पावून मंद गतीने काम करणारे क्लोरामाइन बनवतो, तर सेंद्रिय पदार्थ क्लोरिन परस्पर संपवून टाकतात. त्यामुळे किती क्लोरिन घातला या नोंदीला फारसा अर्थ नाही. ठरावीक संपर्ककाळानंतर किती शिल्लक राहिला, हे पाहावे लागते.

अतिनील किरणांची कार्यपद्धती निराळी आहे. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण डीएनएमधील शेजारच्या थायमिन रेणूंना परस्परांशी जोडतात व पेशीचे विभाजन थांबते. येथे एक सूक्ष्म परंतु निर्णायक मुद्दा आहे. ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकसंचात सुमारे ४६ लाख आधारजोड्या असतात, तर एनडीएम-१ हे रोधजनुक अवघ्या सुमारे ८०० जोड्यांचे आहे. संचात कोठेही मोजके आघात झाले तरी जिवाणू निष्क्रिय होतो. ते आघात नेमके त्या इवल्याशा जनुकावर होण्याची शक्यता अल्प असते. मॅककिनी व प्रुडेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रोधक्षम जिवाणू दर चौरस सेंटिमीटरला १० ते २० मिलिज्यूल मात्रेने बहुतांशी निष्क्रिय झाले, तर जनुके निकामी करण्यास २०० ते ४०० मिलिज्यूल लागले. खर्चही त्याच प्रमाणात वाढणार, हे उघड आहे. पाणी गढूळ असेल तर किरण पोहोचतच नाहीत.

ओझोन अधिक प्रखर आहे, तथापि महाग आहे. अतिसूक्ष्म गाळणपटलाने जिवाणू वेगळे होतात, नष्ट होत नाहीत. ते मागे उरलेल्या गाळात जातात.

मोजमापाची अडचण

भारतात २०१७ च्या अधिसूचनेने प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी मलजन्य कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १००० अशी घातली. हे जिवाणू रोधक्षम आहेत की नाहीत, याचा विचार त्यात नाही. मोजमाप किती फसवे ठरू शकते, हे दिल्लीतील नमुन्यांच्या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवले. झिरपून साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये एनडीएम-१ जनुक आढळले, परंतु ते बाळगणारे जिवाणू केवळ १२ नमुन्यांतून वाढवता आले. पिण्याच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांतही हे जनुक होते. केवळ वसाहती मोजणाऱ्या प्रयोगशाळेला यातील बराचसा भाग दिसलाच नसता.

औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केला होता. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत मात्र त्या मर्यादा वगळण्यात आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून त्यांचा रोख शेवटच्या टाकीतील निर्जंतुकीकरणापेक्षा कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या औषधावर आहे.