मराठवाड्यातील शैलगृहांचा अभ्यास आणि आधुनिक तंत्रज्ञान

हदगावच्या ईशान्येस, नांदेड जिल्ह्यातीलच माहूर येथे राष्ट्रकूटकालीन ‘पांडव लेणे’ आहे. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या तुलनेत ही स्थळे अभ्यासकांकडून उपेक्षित राहिली. वस्तुतः शैलगृहांच्या संशोधनातील मूलभूत अडचण सर्वत्र सारखीच आहे. उत्खननात मातीचे थर एकावर एक साचलेले असतात व त्यांवरून कालक्रम लावता येतो. लेणे मात्र खडक काढून टाकून घडते. मागे उरते ती पोकळी. त्यामुळे शिलालेख नसल्यास काळ शिल्पशैलीवरूनच ठरवावा लागतो.

या पोकळीचे अचूक मापन ही पहिली पायरी होय. लेण्याच्या आत उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचे संकेत पोहोचत नाहीत. म्हणून बाहेर निश्चित केलेल्या बिंदूपासून ‘टोटल स्टेशन’ या उपकरणाने कोन व अंतर मोजत आत जावे लागते. त्यानंतर लेसर स्कॅनर भिंतींवर किरण टाकून परतीच्या किरणांवरून लक्षावधी बिंदूंची स्थाने नोंदवितो. त्यातून लेण्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. स्कॅनर महागडा असल्यामुळे, एकमेकांवर अंशतः येणारी छायाचित्रे संगणकाने जुळविण्याची पद्धतही वापरली जाते. लहान महाविद्यालयांच्या आवाक्यातील पद्धत हीच. मात्र संरक्षित स्मारकात असे काम पूर्वपरवानगीनेच करता येते.

अशा नोंदीतून छिन्नीच्या खुणांची दिशा आणि अपूर्ण राहिलेल्या दालनांची रचना तपासता येते व खोदकाम कोणत्या क्रमाने झाले याचा अंदाज बांधता येतो.

काळ व राहणीमान यांविषयी अधिक बोलते ते भिंतीवरील गिलाव्याचे मिश्रण. वेरूळच्या 12 क्रमांकाच्या ‘तीन ताल’ या तीन मजली बौद्ध विहारातील मातीच्या गिलाव्याचे नमुने मॅनेजर सिंग व एम. एम. सरदेसाई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली व अवरक्त वर्णपटाद्वारे तपासले. त्यांत भांगेच्या झाडाचे अंश आढळले. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात 2016 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. भांगेच्या तंतूंमुळे गिलावा टिकला व कीटकांचा उपद्रव कमी झाला, असे त्यांचे अनुमान आहे. भिक्षूंच्या निवासाची व्यवस्था किती जाणीवपूर्वक केली जात असे, हे यावरून ध्यानात येते.

गिलाव्यातील तूस वा तंतू यांवरून कार्बन-14 पद्धतीने कालनिर्णय करता येतो. वनस्पती मृत झाल्यावर तिच्यातील कार्बन-14 घटू लागतो. तो सुमारे 5730 वर्षांत निम्मा होतो. परंतु येथे सावधगिरी आवश्यक आहे. मिळणारा काळ त्या वनस्पतीचा, फार तर गिलाव्याचा असतो. लेणे खोदल्याचा नव्हे. जुन्या दालनास शतकानंतर नवा गिलावा दिला गेला असेल, तर यंत्राचे उत्तर बरोबर असूनही अभ्यासकाचा निष्कर्ष चुकेल. म्हणून गिलाव्याचे थर मोजून, सर्वांत आतील, खडकास चिकटलेल्या थरातूनच नमुना घ्यावा लागतो.