सर्व्हर आजारी पडतो तेव्हा

ताप मोजल्याशिवाय कुठलाही चांगला डॉक्टर औषध देत नाही. संगणक बिघडला की मात्र घरोघरी सल्ल्यांचा पाऊस पडतो: ‘फॉरमॅट मार’, ‘रॅम बदल’, ‘नवाच घे’. खरं तर यंत्र आपली दुखणी स्वतःच लिहून ठेवत असतं. ती कुठे वाचायची, एवढं माहीत हवं.

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या मराठी वाचनालयाचा सर्व्हर तपासायचं काम माझ्याकडे आलं. त्यावर संस्थेच्या दप्तराचे स्कॅन होते: मोडी आणि बाळबोध अक्षरांतली इतिवृत्तं, सभासदांच्या नोंदवह्या, गणेशोत्सवाचे फोटो. मूळ कागदांपैकी बरेच वाळवीने खाल्ले होते, म्हणजे आता स्कॅन हीच मूळ प्रत. आणि हा सर्व्हर आठवड्यातून दोन-तीनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत होता.

कार्यवाह काका म्हणाले, “नवाच घेऊ या का रे? वर्गणी काढावी लागेल.”

म्हटलं, “काका, आधी रिपोर्ट येऊ द्या.”

पण रिपोर्टच्याही आधी एक काम होतं. सगळा डेटा दोन वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवला. तपासणीत डिस्कला बराच ताण पडतो आणि दुबळी डिस्क त्यातच मान टाकू शकते. म्हणून प्रत आधी, चाचणी नंतर.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. मुख्य यंत्र बंद असलं तरी वीज जोडलेली असेपर्यंत तो जागा असतो आणि तापमान, पंखे, व्होल्टेज, मेमरी यांच्या घटना तारीख-वेळेसह नोंदवतो. ‘आयपीएमआय-टूल’ या मोफत साधनाने ती वही उघडली. एकाच रॅम-स्लॉटवर ईसीसी त्रुटींची रांग लागली होती.

ईसीसी म्हणजे स्वतःची चूक सुधारणारी मेमरी. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडलेल्या पद्धतीचा हा वारसा. डीडीआर४ ईसीसी मेमरीत ६४ बिटांच्या माहितीबरोबर ८ बिट पडताळणीसाठी असतात. एक बिट उलटला तर तो दुरुस्त होतो. दोन उलटले तर चूक कळते, पण सुधारता येत नाही. अशा वेळी चुकीची माहिती पुढे जाऊ देण्यापेक्षा यंत्र काम थांबवतं. रीस्टार्टचं कोडं इथे सुटत होतं.

पण दोष रॅमच्या पट्टीत की स्लॉटमध्ये? ती पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. दोन दिवसांनी त्रुटी त्या नव्या जागी दिसू लागल्या. म्हणजे दोष पट्टीचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या कामाचा मुख्य नियम. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

मग ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्क पाहिल्या. एकीवर १९७ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे वाचता न आल्याने संशयित ठरलेल्या सेक्टरांत, आकडा वाढत होता. ती डिस्क निवृत्त केली. दुसरीवर १९९ क्रमांक वाढत होता. तो बहुधा डिस्कचा नव्हे, केबलचा आजार. केबल बदलली आणि आकडा तिथेच थांबला.

शेवटी खर्च झाला एक रॅम, एक डिस्क आणि एका केबलचा. वर्गणी काढावी लागली नाही.

तरीही या रिपोर्टांवर आंधळा विश्वास नको. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या नोंदींत कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती. वाईट रिपोर्ट आला तर लगेच हालचाल करावी. चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये.

घरीही हे करता येतं. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ डिस्कची तब्येत दाखवतं, ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ रॅम तपासतं. सखोल तपासणीसाठी ‘मेमटेस्ट८६+’ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावं.

आणि एक विनंती. आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, आजोबांची पत्रं, लग्नाचे जुने फोटो तुमच्या घरी एकाच लॅपटॉपवर असतील, तर या रविवारी तासभर काढा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी: मावशीकडे, काकांकडे, कुठेही. डिस्क बाजारात मिळते, आजीचा आवाज मिळत नाही.