तोंडातला पांढरा चट्टा आणि रक्तातले 'ट्यूमर मार्कर': रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे सुटलो का?

रक्त घ्यायला लॅबचा माणूस आता घरी येतो. बदलापूरजवळच्या चामटोलीसारख्या गावात राहणाऱ्यालाही मोबाइलवरून 'कॅन्सर पॅकेज' बुक करता येतं. वर्षानुवर्षं मावा किंवा तंबाखू-चुना खाणाऱ्या माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला, तर त्याला हा सोपा मार्ग वाटतो. तोंड उघडून दाखवण्याची लाज नाही, तुकडा काढायची भीती नाही. रिपोर्टमध्ये सगळे आकडे मर्यादेत आले की तो निर्धास्त होतो.

धोका नेमका इथेच आहे.

आधी, 'कॅन्सरपूर्व' म्हणजे काय?

तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा आधी खुणा दाखवतो. घासूनही न जाणारा पांढरा चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया. मखमली लाल चट्टा म्हणजे एरिथ्रोप्लाकिया. हा कमी लोकांत दिसतो, पण सगळ्यात धोकादायक असतो. तिसरा आजार आपल्याकडचा खास: सबम्युकस फायब्रोसिस. यात गालाची आतली त्वचा कडक होते, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली, तीही पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये. पुढच्याच वर्षी जोशी या भारतीय डॉक्टरांनी त्याला आजचं नाव दिलं. मुख्य कारण सुपारी. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये स्पष्ट केलं. 'मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो' या बचावाला त्यामुळे अर्थ उरत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर मळून मिळणाऱ्या माव्यातली सुपारी मात्र तीच.

अशा प्रत्येकाला कॅन्सर होतो असं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंत संशोधन विभागाने केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ६६ फायब्रोसिस रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या ५ जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. ते ५ कोण असतील, हे आधी ओळखायचं कसं? रक्तातल्या मार्करचा शोध याच प्रश्नासाठी चालू आहे.

मग रक्तातून ते का कळत नाही?

ट्यूमर मार्कर म्हणजे गाठीतल्या पेशी किंवा गाठीमुळे शरीर रक्तात सोडत असलेले पदार्थ. तोंडाच्या बाबतीत एससीसी अँटिजेन, सायफ्रा २१-१, सीईए ही नावं ऐकू येतात. सियालिक ॲसिड आणि एलडीएच यांवरही अभ्यास झाले आहेत. अनेक अभ्यासांत कॅन्सरपूर्व आजार असलेल्यांच्या गटाची सरासरी निरोगी गटापेक्षा जास्त आढळली.

पण गटाची सरासरी वेगळी आणि एका माणसाचा रिपोर्ट वेगळा. मराठवाड्यापेक्षा कोकणात सरासरी पाऊस जास्त पडतो, म्हणून आज पाऊस पडला एवढ्यावरून आपण कोकणात आहोत असं ठरत नाही. निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात.

शिवाय हे पदार्थ कॅन्सरची मक्तेदारी नाहीत. एससीसी अँटिजेन सोरायसिस आणि मूत्रपिंडाच्या आजारातही वाढतं. सीईए तर धूम्रपान करणाऱ्यांत एरवीही जास्त असतं, म्हणजे ज्यांची तपासणी सर्वात गरजेची, त्यांच्यातच गोंधळ. उलट, चट्टा काही मिलिमीटरचा असेल तर त्यातून रक्तात येणारं प्रमाण इतकं नगण्य असतं की आकडा हलतही नाही.

एक काल्पनिक हिशोब पाहा. १००० मावा खाणारे, त्यांतल्या १० जणांना खरोखर सुरुवातीचा कॅन्सर. चाचणी बऱ्यापैकी चांगली धरू: १०० पैकी ८० आजारी पकडणारी आणि १०० पैकी ९० निरोगींना निरोगीच म्हणणारी. ती ८ रुग्ण पकडेल, २ सोडेल आणि ९९ निरोगी लोकांना घाबरवेल. सोडलेले ते दोघं हातात 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन घरी जातील आणि पुन्हा मावा खातील.

मग काय करायचं?

तोंडाला स्कॅन किंवा दुर्बीण लागत नाही, टॉर्च पुरतो. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली. तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. सरकारी कार्यक्रमातही तीस वर्षांवरील व्यक्तींची तोंडाची तपासणी हीच आहे.

दोन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं व्रण किंवा न जाणारा चट्टा असेल, तर दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा. गरज वाटली तर ते बायोप्सी करतात: जागा बधिर करून छोटा तुकडा काढायचा. त्यात पेशी बिघडल्या आहेत का आणि किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. पुढची दिशा त्यावर ठरते. कॅन्सर निघाला तर बदलापूरहून लोकल धरून परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत जाणं अवघड नाही.

रक्त तपासायचंच असेल तर साधं हिमोग्लोबिन तपासावं. फायब्रोसिसच्या रुग्णांत रक्तक्षय अनेकदा सापडतो, आणि त्यावर उपचार आहेत.