गारांनी अडवलेले यान

मुलांनो, गारांना उर्दूत 'ओले' म्हणतात. मराठीत मात्र 'ओले' म्हणजे भिजलेले. त्यामुळे "काल शेतात ओले पडले" असे तुम्ही म्हणालात, तर मराठी माणूस विचारील, "ओले काय पडले?" म्हणून हा शब्द आधीच नीट लक्षात ठेवा. आभाळातून बर्फाचा खडा पडतो ती गार, आणि पुष्कळ पडल्या की गारा.

गारा कशा असतात हे मोहाडीच्या मुलांना सांगायला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी अचानक आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि कवेलूंवर ताडताड आवाज सुरू होतो. पाहता पाहता अंगण पांढरे होते. लहान मुले गारा वेचायला धावतात आणि मोठी माणसे काळजीने शेताकडे पाहत राहतात. हरभरा आणि लाखोळी झोडपली जाते. घरावरचे कवेलू फुटतात. मग पावसाळ्याआधी कोणीतरी शिडी लावून छपरावर चढतो. एकेक कवेलू पाहतो, फुटका काढतो, नवा बसवतो. एखादा तडकलेला कवेलू नजरेतून सुटला, तर पहिल्याच पावसात घर गळू लागते.

2007 साली अशाच गारांनी अमेरिकेत एका अवकाशयानाची वाट अडवली. त्या यानाच्या दुरुस्तीलाही माणसे अशीच वर चढली आणि एकेक खड्डा तपासत बसली. त्याचीच ही हकिकत आहे.

उर्दूत ज्याला आपण 'खला' म्हणतो, त्याला मराठीत 'अंतराळ' किंवा 'अवकाश' म्हणतात. पृथ्वीपासून सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, अवकाशात, माणसांना राहण्यासाठी एक मोठे स्थानक आहे. त्याला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक म्हणतात. ते सुमारे दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारते. एवढे मोठे स्थानक एका खेपेत वर नेणे शक्यच नव्हते. त्यामुळे त्याचे भाग जमिनीवर तयार झाले आणि एकेक करून वर जोडले गेले. 'झार्या' नावाचा पहिला भाग 20 नोव्हेंबर 1998 रोजी रशियन अग्निबाणाने वर गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'एन्डेव्हर' या अमेरिकन यानातील अंतराळवीरांनी 'युनिटी' हा दुसरा भाग नेऊन त्याला जोडला. पुढे अनेक वर्षे हे जोडकाम चालले.

2007 च्या मार्च महिन्यात 'अटलांटिस' या यानाची पाळी होती. स्थानकाच्या उजव्या बाजूला एक लांब तुळई जोडायची होती. तिच्यासोबत घडी घातलेले सौर पंख होते. सूर्याच्या उजेडापासून वीज तयार करणे हे त्या पंखांचे काम. या साऱ्याचे वजन सुमारे 16 टन होते. वर वीज वाढल्याशिवाय पुढचे भाग जोडता येणार नव्हते. म्हणजे हे यान थांबले की मागची सारी कामे थांबणार!

असे यान तयार कसे करत? एक उड्डाण करून परतलेले यान आधी एका मोठ्या शेडमध्ये जाई. तेथे त्याची कसून तपासणी होई. परत येताना समोरची हवा जोरात दाबली जाऊन यान अतिशय तापते. म्हणून त्याच्या अंगावर उष्णता अडवणाऱ्या सुमारे 24 हजार फरशा बसवलेल्या असत. हे यानाचे कवेलूच समजा! पण आपले कवेलू एकसारखे असतात. यानाच्या फरशांचे तसे नव्हते. प्रत्येक फरशीचा आकार निराळा, जागा ठरलेली आणि तिच्यावर तिचा क्रमांक. एकीच्या जागी दुसरी चालत नसे.

मग यान 160 मीटर उंचीच्या एका प्रचंड इमारतीत नेत. तेथे आधी दोन बूस्टर उभे केले जात. बूस्टर म्हणजे यानाला सुरुवातीला जोर देणारे घन इंधनाचे मोठे नळे. (भारताच्या 'गगनयान' मोहिमेसाठीही असे बूस्टर लागतात. त्यातल्या एका बूस्टरचा मधला भाग आपल्या मुंबईत, पवई येथील कारखान्यात तयार झाला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये इस्रोला देण्यात आला.) दोन बूस्टरांच्या मध्ये नारिंगी रंगाची इंधनाची टाकी बसवत. शेवटी यान क्रेनने उचलून, नाक वर करून, टाकीला जोडत. ही सारी उभी रचना एका अवाढव्य गाडीवरून उड्डाणाच्या तळावर जाई. अंतर साडेपाच किलोमीटरच होते, पण गाडी इतकी सावकाश चाले की त्याला सहा-सात तास लागत. पायी चालणारा माणूस तिच्या कितीतरी आधी पोहोचला असता!

15 फेब्रुवारी 2007 रोजी अटलांटिस फ्लोरिडा राज्यातील तळावर जाऊन उभे राहिले. 15 मार्चला उडायचे ठरले होते. 26 फेब्रुवारीला तेथे वादळ आले आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या. यानाचा बराचसा भाग लोखंडी सांगाड्याच्या आडोशाला होता. टाकीचे टोक मात्र उघडे होते. वादळ थांबल्यावर पाहिले, तर टाकीवरच्या फोमला जागोजागी खड्डे पडलेले. एक-दोन नव्हेत, हजारो. यानाच्या डाव्या पंखावरच्या सुमारे 26 फरशांनाही थोडा मार लागला होता.

तुम्ही म्हणाल, "फोमला खड्डे पडले तर काय झाले? टाकी तर फुटली नाही!" येथेच खरी गोष्ट आहे.

उन्हाळ्यात थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून पाण्याचे थेंब सुटतात, हे तुम्ही पाहिले असेल. हवेतील वाफ थंड काचेला लागते आणि तिचे पाणी होते. यानाच्या टाकीत द्रवरूप ऑक्सिजन आणि द्रवरूप हायड्रोजन भरत. ऑक्सिजनचे तापमान शून्याखाली 183 अंश आणि हायड्रोजनचे शून्याखाली 253 अंश! टाकी उघडी असती, तर तिच्यावर थेंब नव्हे, बर्फाचे थर जमले असते. उड्डाणाच्या हादऱ्याने तो बर्फ सुटून यानावर आदळला असता. शिवाय आतले इंधनही तापून उडून गेले असते. म्हणून टाकीला बाहेरून सुमारे एक इंच जाडीचे फोमचे पांघरूण असे. फोम वजनाला अगदी हलका. पण तोही सैल झाला आणि उडताना सुटला, तर घात करू शकतो.

हे नासाच्या लोकांना फार मोठी किंमत देऊन कळले होते. 16 जानेवारी 2003 रोजी 'कोलंबिया' हे यान उडाले. दीड मिनिटाच्या आत टाकीवरचा सुमारे पाऊण किलो फोम सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तेथे भोक पडले. ते कोणाला दिसले नाही. फोम आदळल्याचे चित्रीकरणात दिसले होते, पण हलक्या फोमने एवढे नुकसान होईल असे वरिष्ठांना वाटले नाही. 1 फेब्रुवारीला यान परत येत असताना त्या भोकातून तापलेली हवा पंखात शिरली. जमिनीवर उतरायला सोळा मिनिटे उरली होती. यानाचे तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला त्यांच्यापैकी एक होत्या.

म्हणून अटलांटिसच्या टाकीवरचे खड्डे पाहिल्यावर कोणी "चालेल, उडवून टाका" असे म्हटले नाही. 4 मार्चला तीच सावकाश चालणारी गाडी यानाला घेऊन पुन्हा त्या उंच इमारतीत परतली. टाकीभोवती चढायला पायऱ्या आणि फळ्या बांधल्या गेल्या. कारागिरांनी प्रत्येक खड्ड्याची नोंद केली. उथळ खड्डे घासून सपाट केले. खोल खड्ड्यांतला दबलेला फोम काढून तेथे नवा फोम भरला आणि तो वाळल्यावर तासून बरोबर केला. टाकीच्या टोकाला सर्वांत जास्त मार होता. तेथे नव्या फोमचा फवारा मारावा लागला. मग तो गोलाकार तासण्यासाठी एक खास अवजार वापरले. तुम्ही पेन्सिलीला टोक काढता ना, तसलेच ते टोकयंत्र. फक्त येथली पेन्सिल 47 मीटर उंच होती! दुसरी नवी टाकी आणावी काय, याचाही विचार झाला. शेवटी आहे तीच दुरुस्त करायचे ठरले.

इकडे दिवस जात होते आणि वर एक प्रवासी वाट पाहत होती. सुनीता विल्यम्स डिसेंबर 2006 मध्ये स्थानकावर गेल्या होत्या. त्यांचे वडील मूळचे गुजरातचे. अटलांटिसनंतर जे यान जाणार होते, त्यातून त्या परतणार होत्या. अटलांटिस जूनपर्यंत रखडले, तेव्हा पुढचे यान ऑगस्टपर्यंत मागे गेले. माणसाने इतके दिवस वर राहणे शरीराला सोपे नसते. हाडे आणि स्नायू दुबळे होतात. म्हणून एप्रिलच्या अखेरीस बेत बदलला. सुनीतांच्या जागी राहणारे क्लेटन अँडरसन यांना अटलांटिसमधूनच न्यायचे आणि सुनीतांना त्याच यानातून परत आणायचे ठरले. मला विचाराल, तर मला या गोष्टीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. घरच्या माणसाला लवकर आणायचे म्हणून कोणी दुरुस्तीत घाई केली नाही. बाकीचा बेत तिच्यासाठी हलवला.

15 मे रोजी अटलांटिस पुन्हा तळावर आले. नारिंगी टाकीवर दुरुस्तीचे पांढरट ठिपके लांबूनही दिसत होते. नवा फोम फिकट असतो. उन्हाने तो हळूहळू नारिंगी होतो. 8 जूनच्या संध्याकाळी सात अंतराळवीरांना घेऊन यान उडाले. आपल्याकडे तेव्हा 9 जूनची पहाट होती, पाच वाजून आठ मिनिटे. टाकीच्या ठिगळांनी दगा दिला नाही.

मात्र यानाच्या मागच्या भागावर उष्णता अडवणारे जे कापडी आवरण होते, त्याचा वीतभर कोपरा उड्डाणात उचकटला. पुन्हा दुरुस्ती! या वेळी ती अवकाशात करायची होती. डॅनी ऑलिवास हे अंतराळवीर 15 जूनला बाहेर पडले. त्यांनी तो कोपरा दाबून बसवला आणि औषधपेटीतल्या, जखमेला टाके घालण्याच्या स्टेपलरने पक्का केला. तुळईही जोडून झाली आणि सौर पंख उघडले.

22 जूनला फ्लोरिडात उतरायचे, तर तेथे हवा खराब होती. त्यामुळे अटलांटिस हजारो किलोमीटर दूर कॅलिफोर्नियात उतरले. सुनीता विल्यम्स 195 दिवसांनी जमिनीवर आल्या. एवढे दिवस सलग अवकाशात तोवर कोणतीही स्त्री राहिली नव्हती. यानाला मात्र एका मोठ्या विमानाच्या पाठीवर बसवून फ्लोरिडाला न्यावे लागले. जुलै 2011 मध्ये अटलांटिसने शेवटचे उड्डाण केले. आता ते फ्लोरिडातच प्रदर्शनासाठी ठेवलेले आहे, आणि तेथे त्याच्या डोक्यावर पक्के छप्पर आहे.