वाहनचोरीची शिक्षा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडी चोरली तरी जास्तीत जास्त तीन वर्षे, हा समज जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 379 मुळे रुजला. तो आता अर्धाच खरा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षेच राहिली. पण दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला किमान एक आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आहे. माल किंवा प्रवासी वाहून नेणारे वाहन चोरल्यास कलम 305 नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरी जरब टोळ्यांना आहे. कलम 111 मधील संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत वाहनचोरीचा नावानिशी उल्लेख आहे. शिक्षा किमान पाच वर्षे ते जन्मठेप, दंड किमान पाच लाख रुपये. मात्र तिघांनी मिळून एक गाडी पळवली की हे कलम लागले, असे होत नाही. टोळीविरुद्ध मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असावी लागतात आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते.

‘फिरवून परत ठेवली, मग चोरी कसली?’ असेही विचारले जाते. 1952 मध्ये जोधपूरच्या हवाई दल अकादमीतील एका प्रशिक्षणार्थीने विनापरवाना विमान उडवून थेट पाकिस्तानात उतरवले. तात्पुरता वापरही अप्रामाणिक हेतूने केला असेल तर ती चोरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये त्या खटल्यात ठरवले.

चॅसिस नंबर घासून नवा ठोकलेली गाडी स्वस्तात घेणाराही सुटत नाही. चोरीची आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास सबळ कारण असूनही ती घेतली, तर कलम 317 लागते. अशा मालाचा नेहमीचा धंदा करणाऱ्याला जन्मठेपही होऊ शकते.

अल्पवयीनांबाबतचा गोंधळ सर्वांत मोठा. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो, पण तो किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या घृणास्पद गुन्ह्यांतच. वाहनचोरी त्यात बसत नाही. याचा अर्थ मुलगा मोकळा सुटतो, असाही नव्हे. त्याला 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. मंडळ समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड किंवा तीन वर्षांपर्यंत विशेष गृह असा आदेश देऊ शकते. पोलीस कोठडी वा तुरुंगात मात्र त्याला ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सराईतांच्या संगतीत मूल सुधारण्याची आशा कोणी धरू नये.

मुलांना पुढे करून गाड्या उचलणाऱ्या प्रौढासाठी कायदा कठोर आहे. कलम 95 नुसार त्याला तीन ते दहा वर्षे कैद व दंड होतो, आणि चोरी घडलीच तर ती स्वतः केल्याप्रमाणे तिचीही शिक्षा.